कारण द्यायचं नाही

नवी मुंबईत रिक्षावाल्यांच्या खालोखाल 'नाही' हा शब्द कोणी शुद्ध स्वरूपात टिकवला असेल, तर तो माझ्या थोरल्या मेव्हणीने. तिच्या 'नाही'पुढे 'पण' नसतो, मागे 'सॉरी' नसतं आणि मध्ये खाकरणं नसतं. मला याचं फार अप्रूप वाटतं, कारण माझं स्वतःचं 'नाही' आजवर घशाच्या वर आलेलं नाही. वर्गणीवाले, विमावाले, सोसायटीत माझ्या जागेवर गाडी लावणारे शेजारी, सगळ्यांना मी हसून वाट करून देतो आणि मग रात्रभर स्वतःवर चिडतो.

ताई रबाळ्याच्या एका औषधाच्या कारखान्यात पॅकिंगची सुपरवायझर होती. हाताखाली सगळ्या बायका. ओव्हरटाइमला थांबणार का विचारलं की 'चालेल'. अंगात ताप असला तरी चालेल, घरी पोर आजारी असलं तरी चालेल. "तो शब्द ऐकून ऐकून माझे कान किटले," ती म्हणते. निवृत्त झाल्यावर, आमचे साडू वारल्यामुळे घरात एकटी असताना, बंगळुरूचा मुलगा "फ्लॅट विक आणि इकडे ये" म्हणून मागे लागलेला असताना, तिने नेरूळच्या आमच्या विहाराच्या वरच्या हॉलमध्ये वर्ग काढला. दर रविवारी, वंदना आटोपली की सुरू. बॅनरवर 'किशोरवयीन मुलींसाठी नेतृत्वगुण व जीवनकौशल्य विकास वर्ग' असं एका दमात न वाचता येणारं नाव. मुली त्याला 'नाहीचा क्लास' म्हणतात.

वर्गाचा नियम एकच. 'चालेल' म्हणायचं नाही. म्हटलं तर चालायचं. "चालेल ना? मग चाल," असं म्हणून ताई त्या मुलीला शेजारच्या मैदानाला फेरी मारायला पाठवते. सुरुवातीला निम्मा वर्ग मैदानावरच असायचा. एकदा मी खुर्च्या लावायला गेलो होतो. ताईने विचारलं, "चहा घेणार की सरबत?" मी सवयीने म्हणालो, "काहीही चालेल." सगळ्या माना माझ्याकडे वळल्या. मग मी भर उन्हात, चार मुलींच्या घोळक्यात, चपला वाजवत चालू लागलो. फाटकापाशी विहाराचे अध्यक्ष उभे होते. "जयभीम. डॉक्टरांनी सांगितलंय का?" त्यांनी काळजीने विचारलं. मी हो म्हणालो. माझ्यासारख्या माणसाला खोटं बोलणंसुद्धा 'हो'नेच जमतं.

पुढचा धडा नेरूळ स्टेशनबाहेरच्या रिक्षा स्टँडवर झाला. ताईने मुलींना फुटपाथवर ओळीत उभं केलं. "आता नीट बघा. त्या काकांना सारसोळ्याला जायचंय आणि रिक्षावाल्याला जायचं नाहीये. तो चिडला का? रडला का? माझी आजी आजारी आहे म्हणाला का? मान हलवली, विषय संपला. याला म्हणतात नेतृत्व." इतक्या मुली आपल्याकडे टक लावून बघतायत म्हटल्यावर रिक्षावाला खाली उतरला. "क्या हुआ मॅडम, कंप्लेंट है क्या?" ताई म्हणाली, "नहीं भैया, ट्रेनिंग है." तो इतका खूश झाला की म्हणाला, "चलो, कहाँ जाना है, सबको छोडता हूँ!" आणि सगळ्या धड्यावर पाणी पडलं.

वर्गात सारसोळ्याची एक कोळ्यांची मुलगी आहे, जिभेला हाड नसलेली. त्याच दिवशी तिने हात वर केला. "मावशी, रिक्षावाला नाय बोलला तर आपन दुसरी पकडतो. पन बापाला नाय बोललो न् तो रुसला, तर दुसरा बाप कुठून आनायचा?" ताई माझ्याकडे बघत म्हणाली, "दुसरा कशाला? आहे तोच दुरुस्त करायचा." मी तिथे फक्त पाण्याच्या बाटल्या धरून उभा होतो.

दुरुस्ती माझ्या घरापासून सुरू झाली. मुलीला मी वर्गात घातलं ते शाळेच्या स्टेजवर तिने धीटपणे भाषण करावं म्हणून. नेतृत्व तिने बाहेर करावं आणि घरी आल्यावर चपलांबरोबर दाराशी काढून ठेवावं, अशी माझी साधारण कल्पना. त्याच संध्याकाळी मी टीव्हीसमोरून म्हणालो, "बाळा, पाणी आण." ती म्हणाली, "नाही." मी विचारलं, "का गं?" "कारण द्यायचं नसतं, बाबा." स्वयंपाकघरातून बायकोचं हसू ऐकू आलं. मी उठलो, आणि सांगायला लाज वाटते, पेले कुठल्या कपाटात असतात ते मला बायकोला विचारावं लागलं.

मात्र ताईची सगळ्यात गाजलेली परीक्षा वाशीच्या साडीच्या दुकानात झाली. अट अशी की मुलींनी साड्यांचा ढीग उघडायला लावायचा आणि माफी न मागता रिकाम्या हाताने बाहेर यायचं. दुकानदाराने घाम पुसत विचारलं, "पसंत नाही पडल्या का?" आमची मुलगी शांतपणे म्हणाली, "पडल्या. पण नको." दुकानात वीज गेल्यासारखं झालं. सगळ्या मुली ताठ मानेने बाहेर पडल्या. त्या वळणापलीकडे गेल्यावर ताई गुपचूप मागे फिरली, दुकानदाराला "मुलं आहेत हो" म्हणाली आणि नको असलेले दोन परकर घेऊन आली. पिशवी माझ्या हातात देत तिने दटावलं, "जावईबापू, हे वर्गात बोलायचं नाही." त्या दिवशी मला पहिल्यांदा तिची काळजी वाटली.

मग बंगळुरूहून ताईच्या मुलाचा मला फोन आला. "काका, मी येतोय. ब्रोकर बघून ठेवलाय. आईला तुम्ही समजवा." मी हो म्हणालो. दुसऱ्या दिवशी मुलींनी मला जिन्यात गाठलं. "काका, मावशींना जाऊ देऊ नका." मी त्यांनाही हो म्हणालो. दोन्ही हो मनापासूनचे होते, हीच माझी मोठी अडचण आहे. मुलाचं काय चुकत होतं? आई एकटी, गुडघे दुखतात, रात्री काही झालं तर दार कोण उघडणार? आणि मुलींचं तरी काय चुकत होतं?

मुलींनी ताईचीच तालीम घ्यायची ठरवली. सारसोळ्याची मुलगी ताईचा मुलगा झाली, ताई ताईच. सगळ्यांना वाटलं, आता ती फ्लॅटचा भाव सांगेल, डॉक्टरची भीती घालेल. ती समोर बसली आणि हळूच म्हणाली, "आई, जेवलीस का गं?" ताईने पदर नाकाला लावला आणि आजचा वर्ग संपला म्हणाली. ती मुलगी घाबरून सगळ्यांना विचारत सुटली, "मी काय वाईट बोलली काय?"

मुलगा आला तेव्हा मी ताईच्या घरीच होतो. गुणी पोरगा आहे. आईसाठी गुडघ्याचा पट्टा घेऊन आला होता. चहा झाल्यावर म्हणाला, "आई, येतेस ना माझ्याकडे?"

"नाही."

"का पण?"

"कारण द्यायचं नाही."

तो हसला. मग तिचा चेहरा बघून हसू मावळलं. माझ्याकडे वळून म्हणाला, "काका, तुम्ही तरी सांगा." मी पंख्याकडे बघत राहिलो. त्याने कप ट्रेमध्ये ठेवला. "बरं. तुझी मर्जी," म्हणाला, तिच्या पाया पडला, पट्टा कसा बांधायचा ते दोनदा दाखवलं आणि संध्याकाळच्या विमानाने परत गेला.

त्याची गाडी वळल्यावर आम्ही दोघं फाटकाशी उभे होतो. मुली ताईच्या इमारतीच्या गच्चीवरून टाळ्या वाजवत होत्या. ताईने त्यांना हात केला आणि माझ्याकडे न बघता म्हणाली, "आणखी एकदा विचारलं असतं ना त्याने, तर गेले असते मी."

"मग त्याने विचारलं का नाही?"

"कसा विचारेल? समोरचा एकदा नाही म्हणाला की दुसऱ्यांदा विचारायचं नाही, हे मीच त्याला शिकवलंय. मुलगा होता ना. आधी त्यालाच शिकवणं भाग होतं." एवढं बोलून ती पट्टा चाचपत जिना चढू लागली.

रविवारी मुलाचा फोन येतो. मी विहाराच्या पायरीवर बसलेलो असतो. आई बरी आहे, जेवते, पट्टा बांधते, सगळं मी त्याला सांगतो. "माझ्याबद्दल काही म्हणाली का, काका?" तो विचारतो. वरच्या हॉलमधून माझ्या मुलीचा खणखणीत आवाज येत असतो, आणि तिच्यामागून ताईचं "आणखी मोठ्याने!" मी त्याला तिकडच्या हवेबद्दल विचारतो.