एकदाच विचारणाऱ्या मॅडम

लांजेवार मॅडम चहाचं एकदाच विचारत. समोरचा 'नको' म्हणाला की स्वतःपुरतं आधण ठेवत आणि त्याच्यासमोर बसून कप निवांत संपवत. मी नागपूरला एम.ए.साठी जर्मन घेतलं तेव्हाची गोष्ट. भर उन्हात त्यांच्या शहराबाहेरच्या बेसा भागातल्या घरी पुस्तक आणायला गेले होते. घशाला कोरड पडलेली. "चहा घेतेस?" त्यांनी विचारलं. "नको मॅडम," मी म्हणाले. आमच्या सावनेरला पहिल्याच विचारण्याला हो म्हणणारी मुलगी हावरट ठरते. मॅडम आत गेल्या, एकच कप घेऊन आल्या आणि फुरके मारत जर्मन नाटकांबद्दल बोलत राहिल्या. त्यातलं एक अक्षर माझ्या डोक्यात शिरलं नाही.

मी निघाले तेव्हा म्हणाल्या, "चहा पाहिजे होता ना वं तुले? मंग नको काहून म्हटलं? तिकडं जर्मनीत एकदाच विचारतात. दुसऱ्यांदा विचारणं म्हणजे समोरच्याले खोटं समजणं होय."

मी गोंधळले ती गोंधळलेलीच राहिले. मुळात मी जर्मनला का आले हेच मला धड सांगता येत नसे. वडील कोळशाच्या खाणीत, घरात कुणी पासपोर्ट पाहिलेला नाही, आणि मी परक्या देशाच्या चालीरीती पाठ करतेय. एकदा हे मॅडमपुढे बोलून दाखवलं तर त्या म्हणाल्या, "मले तरी कुठं माहीत होतं? आमच्या कुही गावाले धानाच्या बांधीत उभं राहून कोणी जर्मन शिकाचं ठरवते का? घुसली आन् राहून गेली." त्या स्वतः कधीच जर्मनीला गेल्या नव्हत्या. का, ते विचारायची आमची छाती नव्हती.

संस्कृतीच्या तासाला त्या घरून आलूबोंडे आणत आणि प्रत्येकापुढे डबा धरत. भिडेपोटी कुणी 'नको' म्हटलं की डबा पुढे सरके, तो परत येत नसे. पहिल्या खेपेला अख्खा वर्ग उपाशी राहिला आणि मॅडम आमच्यादेखत एकट्या खात बसल्या. हळूहळू आम्ही निर्लज्ज झालो. मी तर इतकी, की मावशीकडे पहिल्याच विचारण्याला हो म्हणून ताट पुढे ओढलं. घरी आल्यावर आईने माझी चांगलीच हजेरी घेतली. कुठे काय म्हणायचं तेच कळेनासं झालं.

मग एकदा आई माझ्याबरोबर कुरडया घेऊन मॅडमकडे आली.

"चहा घेता का जी?"

"नाही जी, येतानीच झाला," आई म्हणाली.

आता आईला कोरडंच बसावं लागणार म्हणून मी कानकोंडी झाले. पण मॅडमनी पुन्हा विचारलं. मग आणखी एकदा. मग न विचारताच कप तिच्या हातात दिला आणि वर म्हणाल्या, "आमच्या घरचा चहा कडू लागते का तुम्हाले?" आई खूश. दुसऱ्या दिवशी मी मॅडमना गाठून विचारलं, हा कुठला न्याय?

"तुझ्या आईले कुठं जर्मनीले जायचं आहे?" त्या म्हणाल्या.

जायचं मला होतं. तिकडच्या एका विद्यापीठात मला प्रवेश मिळाला, आणि नेमकं त्याच सुमारास मॅडमचं पोटाचं मोठं ऑपरेशन झालं. त्यांच्या जवळचं असं कुणी नव्हतं. मी त्यांच्याकडेच राहायला गेले, पेज करत होते, औषधं देत होते. दुखणं बरं होणारं नाही, हे डॉक्टरांनी आम्हा दोघींनाही सांगितलं होतं.

"जातेस?" एका सकाळी त्यांनी विचारलं.

"नाही मॅडम. पुढच्या वर्षी पाहू. तुमच्याजवळ राहते."

त्या उशीला टेकून बसल्या. "मलेही बोलावलं होतं जर्मनीवाल्यांनी. तुझ्याएवढी होती मी. एकदम हो कसं म्हणावं? लोक म्हणतील, टपूनच बसली होती. मी कळवलं, दुसऱ्या कोणाले बोलवा. वाटलं, पुन्हा विचारतील." त्या हसायला लागल्या आणि टाके दुखले म्हणून थांबल्या. "इतकी वर्षं झाली, अजून विचारूनच राहिले ते."

मला हसावं की रडावं कळेना. त्यांनी परत विचारलं, "जातेस का वं?" मला त्यांनी कुठलीच गोष्ट कधी दुसऱ्यांदा विचारली नव्हती. मी त्यांच्या औषधाच्या गोळ्या मोजत बसले. त्यांनी तिसऱ्यांदा विचारलं, आईला विचारलं होतं तसं.

"जाते," मी म्हणाले.

जायच्या दिवशी बॅग दाराशी ठेवून मी मागे वळले. "मॅडम, थांबू का मी?"

"नको."

"खरंच नको?"

"तू मले खोटं समजून राहिली काय?" एवढं बोलून त्यांनी भिंतीकडे तोंड केलं.

ते 'नको' तिकडचं होतं की आमच्याकडचं, हे मला अजून ठरवता आलेलं नाही. कधी वाटतं, मॅडम आयुष्यभर सरळ बोलल्या, तशाच तेव्हाही बोलल्या. कधी ती भिंतीकडे वळलेली पाठ आठवते आणि वाटतं, आणखी एकदा विचारण्याची त्या वाट बघत होत्या. विचारणार कुणाला? मी इथे जर्मनीत आले त्याच हिवाळ्यात मॅडम गेल्या.

नागपूरहून फोन आला तेव्हा मी घरमालकीणबाईंच्या स्वयंपाकघरात होते. माझा चेहरा बघून त्यांनी हळूच विचारलं, कॉफी घेणार का? मी 'नको' म्हणाले. त्यांनी मान डोलावली, आपला कप भरून घेतला आणि माझ्यासमोर येऊन बसल्या. मॅडमनी शिकवलेलं सगळं पाठ असूनही, घरमालकीणबाई पुन्हा विचारतील म्हणून मी वाट बघत बसले.