नर्सबाईंचा तांबडा कोंबडा

रिटायर झाल्यावर नर्सबाई कोंबड्यांच्या मागे लागल्या. घरात शिजणारं चिकन घरचंच हवं आणि तेही जुन्या जातीचं. पोल्ट्रीतली पांढरी कोंबडी दीड महिन्यात स्वतःच्याच वजनाने पाय मोडून बसते, हे त्यांनी पाहिलं होतं. एका म्हातारीकडून त्यांनी उघड्या मानेच्या तांबड्या जातीची सहा पिल्लं आणली. मग अकरा वर्षं प्रत्येक पिढी काट्यावर तोलायची, मांड्या चाचपायच्या, चांगल्या पिल्लांच्या पायात सलाईनच्या नळीचा तुकडा अडकवायचा. उरलेली पातेल्यात.

"थोडं चिवट आहे," नवरा चघळत म्हणायचा.

"पुढच्या पिढीला छाती भरेल."

आणि खरंच भरत आली होती.

गेल्या वर्षी खुब्याच्या ऑपरेशनसाठी त्या महिनाभर हॉस्पिटलात होत्या. खुराडं धाकट्या दिराने सांभाळलं. घरी आल्या त्या काठी टेकत थेट परसात गेल्या. आत पांढरा कोंबडा फिरत होता.

"आपला तांबडा कुठाय?"

"पाहुणे आले होते, वहिनी. सगळ्यात दांडगा तोच, म्हणून तोच कापला. पण कोंबड्यांना एकटं नाही ठेवलं हं! पोल्ट्रीतून हा आणला."

"आणि ते दोन तरणे?"

"पाहुणे बरेच होते ना."

"अंडी तरी?"

"रोज ऑम्लेट!"

वहिनी खूश होतील असंच त्याला वाटत होतं.

नवऱ्याच्या स्कूटरवर मागे बसून त्या तसाच तांबडा कोंबडा शोधत फिरल्या. ती म्हातारी वारली होती, तिच्या परसात आता गाड्या लागत होत्या. बाकी सगळीकडे पांढऱ्याच. इकडे नवी पिल्लं निघाली ती पिवळी, मानेवर पिसांचा झुपका असलेली.

अडीच महिन्यांनी त्यातली दोन कापली. दीर जेवायला होता.

"जमलं की वहिनी शेवटी! काय मऊ झालंय!"

नवऱ्यानेही मान डोलावली. मग बायकोकडे पाहिलं आणि ताटाकडे नजर वळवली.

पांढरा कोंबडा आणि त्याची उरलेली पिल्लं त्यांनी देऊन टाकली. पाच तांबड्या कोंबड्या उरल्या. त्यातली एक परवा अंड्यांवर खुडूक बसली.

"उठव तिला, उगाच वाळतेय," नवरा म्हणाला. "कोंबड्याशिवायची अंडी ती, त्यांत काही नाही."

"माहितीय मला."

नर्सबाईंनी तिच्यापुढे पाण्याची वाटी सरकवली आणि आत जाऊन भिंतीकडे तोंड करून पडून राहिल्या.