हात वर करून ठरवलेलं इंग्रजी

डायरीची शेवटची दहा पानं मी इंग्रजी शब्दांसाठी कोरी ठेवली होती. शब्द मागून पुढे येत गेले, रोजचं लिखाण पुढून मागे, आणि जूनमध्येच दोघांची टक्कर झाली! शब्द तसे थोडेच आहेत. पण प्रत्येक शब्दामागे एक किस्सा लिहून ठेवला की पानं पुरत नाहीत.

भुसावळला नानांच्या ओट्यावर दर रविवारी सकाळी आम्ही चौघं इंग्रजी वाचायला बसतो. नाना मालगाडीचे निवृत्त गार्ड, मूळचे साक्रीकडचे. पाटील भाऊ दीपनगरला वीज केंद्रात नोकरीला. सुमन अक्का रावेरकडच्या केळीवाल्या घरातल्या. चौथा मी.

आम्ही तिघं हौसेनं येतो. अक्कांना मात्र खरी गरज आहे. त्यांची नात ईरा अमेरिकेत, वय पाच, मराठी येत नाही. व्हिडिओ कॉलवर "हाय आजी, बाय आजी" झालं की पोरगी पसार!

"मला तिला एक गोष्ट शेवटपर्यंत वाचून दाखवायची आहे," अक्का पहिल्याच दिवशी म्हणाल्या. "तिनं मधेच उठून जाऊ नये. एवढंच."

*

अडचण अशी, की इंग्रजीत काही शब्द लिहायला एकच, पण अर्थ बदलला की उच्चारही बदलतो. शाळेत हे कुणी सांगितलं नव्हतं. सांगितलं असेल तर आम्ही त्या दिवशी गैरहजर असू.

अक्कांनी ते आमच्याआधी पचवलं. "एकाच फणीत एक केळं पिकलेलं, एक हिरवं. खाताना बघून खायचं!"

*

पण बघून सांगणार कोण? नाना चुकले तर "नाना, चुकलं" असं म्हणायची आमच्यात कुणाची छाती नाही. नानाही अक्कांना तसं म्हणणार नाहीत. म्हणून पाटील भाऊंनी तोडगा काढला: मतदान. शब्द अडला की हात वर करायचे, जिकडे जास्त हात तो उच्चार पक्का. समसमान झालं तर नानांचं मत दोनदा धरायचं.

यात एक गोम निघाली. नानांचा हात आधी वर जायचा आणि मग आपोआप सगळ्यांचे! म्हणून एका रविवारी ठरलं, डोळे मिटून मतदान. डोळे उघडे फक्त माझे, मोजण्यापुरते.

माणसं चार, मतं पडली सहा!

"कोणालाच वाईट वाटायला नको म्हणून मी दोन्हीकडे दिलं," अक्का म्हणाल्या. पाटील भाऊ मान खाली घालून चष्मा पुसत राहिले.

*

एकच शब्द बिनविरोध निवडून आला. एल, आय, व्ही, ई.

पाटील भाऊ म्हणाले, "हा माझ्याकडे सोपवा. आमच्याकडे पॅनलवर लिहिलेला असतो. लिव्ह म्हणजे जगा. लाइव्ह म्हणजे हात लावाल तर मराल!"

यावर हात वर करायचीही कुणाला हिंमत झाली नाही.

*

टी, ई, ए, आर या शब्दावर तीन रविवार गेले. अश्रूही तोच आणि फाडणंही तोच! शेवटी मी धुळ्याला साडूकडे गेलो, तेव्हा त्याच्या शेजारी राहणाऱ्या इंग्रजीच्या सरांना गाठलं. सरांनी चहा पाजला आणि शांतपणे म्हणाले, "ते संदर्भ पाहून ठरतं."

मी परत येऊन ओट्यावर हे जसंच्या तसं सांगितलं. नाना खवळून अहिराणीवर आले.

"हाऊ निकाल नही शे, भाऊ! हाई कोर्टानी पुढली तारीख शे!"

*

अक्कांनी गोष्टीचं सगळं इंग्रजी पुस्तक वहीत मराठी अक्षरांत उतरवून घेतलं. ससुल्याच्या पतंगाची गोष्ट, चौदा पानं. अडलेला प्रत्येक शब्द मतदानानं पक्का केलेला. परवाच्या रविवारी त्यांनी ओट्यावरूनच फोन लावला. तिकडे शनिवारची संध्याकाळ. ईरा पलंगावर बसली होती. आम्ही तिघं अक्कांच्या मागे श्वास रोखून उभे.

पहिलं पान झालं. पोरगी बसून. चौथं झालं. तरी बसून! सातव्या पानावर वारा सुटतो आणि ससुल्या दोरा गुंडाळायला लागतो. वारा आणि गुंडाळणं, इंग्रजीत लिहायला एकच शब्द. नानांच्या दुहेरी मतामुळे आम्ही दोन्हींना "विंड" पक्कं केलं होतं.

अक्कांनी तसंच वाचलं.

"नो, आजी," ईरा म्हणाली. "वाइंड."

अक्का थांबल्या. त्यांचं बोट वहीवर तसंच राहिलं. नानांना सवयीनं राहवलं नाही. "मतदान घ्या!"

विंडच्या बाजूनं नानांचा हात वर गेला, पाठोपाठ पाटील भाऊंचा आणि, डायरीत शाईनं लिहून बसलो होतो म्हणून, माझाही. अक्कांनी दोन्ही हात वहीवरच ठेवले. नातीला म्हणाल्या, "ईरा, व्होटिंग. हँड अप."

ईरानं हात वर केला. आमचे तीन हात पाहिले. आणि उठून गेली.

पडद्यावर नुसती भिंत.

"नेटवर्क असेल," पाटील भाऊ पुटपुटले.

"नेटवर्क नाही. गेली ती," अक्का म्हणाल्या आणि वही मिटायला लागल्या.

तेवढ्यात तिकडून काहीतरी धपकन पडल्याचा आवाज आला. ईरा कवेत न मावणारा ढीग घेऊन आली. एक माकड, दोन बाहुल्या, एक हत्ती. सगळ्यांना तिनं पलंगावर ओळीनं बसवलं, एकेकाचा हात धरून वर केला, आणि मग आपलाही.

नाना फोनच्या अगदी जवळ वाकले, बोटानं मोजू लागले, मधेच अडले आणि माझ्याकडे वळून अगदी हळू विचारलं,

"भाऊ, हत्तीनी सोंड वर शे. तिले हात समजानं का?"