साडूंच्या गाडीतली गळती

माझ्या साडूंनी मद्रासेत एका जुन्या विलायती मोटारीला स्वतःच्या हातांनी ब्लोअर बसवला आणि ती मोटार घेऊन ते बंगळूरला आले. त्या आठवड्यात माझ्या मनात जे चालले होते, त्याला मत्सराखेरीज दुसरे नाव मला अजून सापडलेले नाही. साठ सालानंतरची ती पहिली दोन-तीन वर्षे. मी तिशीत होतो. आज पन्नाशी उलटून गेल्यावर त्या मोटारीचे सारे सांधे मला आठवतात, आणि स्वतःच्या मनात डोकावणे मी तेव्हा किती कसोशीने टाळले, तेही आठवते.

ब्लोअर म्हणजे हवा आणि पेट्रोल यांचे मिश्रण दाबून इंजिनात भरणारे यंत्र. इंजिन आपणहून ओढून घेईल त्यापेक्षा अधिक हवा त्याला मिळते आणि लहान इंजिन मोठ्यासारखे काम करू लागते. मी एका सरकारी कारखान्यात विमानांची इंजिने तपासत असे. तसले यंत्र रोज माझ्या डोळ्यांसमोर असे. पण दुसऱ्या महायुद्धातल्या भंगारातून ते उचलावे, त्याला पट्टा आणि कप्पी जोडावी आणि घरच्या मोटारीवर चढवावे, हे मला कधी सुचले नव्हते. साडूंना सुचले. त्यांच्याकडे पदवी नव्हती. पंप विकणाऱ्या एका पेढीत ते जुळणीचे काम पाहत.

खरा प्रश्न मोटारीचा नव्हता. आमच्या सासऱ्यांना सारे घर अण्णा म्हणे. त्यांचे घराणे कित्येक पिढ्यांपासून बंगळुरातले, धान्याच्या व्यापारातले. व्यापार त्यांनी आवरता घेतला होता आणि बसवनगुडीतल्या घरामागची मोठी वखार रिकामी पडली होती. लग्नानंतरच्या पहिल्या दिवाळसणाला ती दाखवताना अण्णा सहज म्हणाले होते, की पुढेमागे ही तुमच्यासारख्यांच्याच उपयोगाची. तेवढ्या एका वाक्यावर मी मनात कार्यशाळा उभारली. लेथ कोणत्या भिंतीला, काम करण्याचे टेबल कोणत्या खिडकीखाली, हेसुद्धा ठरवून ठेवले. अण्णांजवळ मात्र तो विषय एकदाही काढला नाही. मागणे मला कमीपणाचे वाटे.

साडूंनी आल्या दिवशीच, जेवताना, वखार मागितली. मद्रासची नोकरी सोडून इथे येतो, घाटात दमणाऱ्या लॉऱ्यांना असे ब्लोअर बसवून देतो, असे त्यांनी सांगितले आणि त्याच दमात आणखी भात मागून घेतला.

अण्णांनी हातातला घास संपवला. मग म्हणाले, "सरी, हरकत नाही. पण मला यातलं काही कळत नाही. थोरले जावई विमानांच्या कारखान्यात आहेत, त्यांना गाडी बघू दे. ते बरं म्हणाले की किल्ली तुमची."

मी मान खाली घालून ताकभात कालवत राहिलो. माझ्या मनातली वखार दुसऱ्याला द्यायची की नाही, हे आता मीच ठरवायचे होते.

गाडीत काहीतरी कमी पडते आहे, हे साडूंनी स्वतःच सांगितले. मद्रासेत ती सुसाट जात असे. घाट चढून इकडे आल्यापासून मलूल झाली होती. रविवारी सकाळी आम्ही दोघे होसूर रस्त्याने आनेकलच्या फाट्यापर्यंत जाऊन आलो. ते गाडी चालवत होते आणि मी दाबाच्या गेजकडे पाहत होतो. ते गेजही भंगारातल्या विमानाचे. त्याच्या काचेवर साडूंनी मद्रासेत लाल रंगाचे दोन ठिपके दिले होते: इंजिन बंद असताना काटा जिथे उभा राहतो तिथे एक, आणि पूर्ण वेगात जिथवर चढतो तिथे दुसरा. चढावर त्यांनी पाय पुरता दाबला, इंजिन ओरडू लागले, पण काटा वरच्या ठिपक्याच्या बराच खाली अडकून राहिला.

"गळती आहे," मी म्हणालो. ते म्हणताना मला जे समाधान वाटले, त्याची चव अजून तोंडात आहे.

"दादा, तुम्ही म्हणता म्हणजे असणारच," साडू म्हणाले. "शोधून द्या मला."

या विश्वासाने मी विरघळायला हवे होते. उलट मला त्याचा राग आला. इतक्या सहज दुसऱ्यावर विसंबणे मला कधी जमले नव्हते.

अण्णांच्या अंगणात शोध सुरू झाला. ब्लोअरपासून इंजिनापर्यंतच्या वाटेत जिथे जिथे सांधा होता, तिथे साबणाचे पाणी लावून बुडबुडे येतात का ते पाहायचे. माझ्या पत्नीने पातेल्यात साबण कालवून आणला. अण्णांचा जुना दाढीचा ब्रश कामी आला.

"अक्का, साबण स्वल्प जास्त घाला," साडू सासुरवाडीच्या बोलीची नक्कल करीत म्हणाले. "गाडीचं पहिलंच अभ्यंगस्नान आहे."

पत्नी हसली. पदर खोचून ती गाडीपाशीच उभी राहिली आणि हा पट्टा कशासाठी, ही नळी कुठे जाते, असे एकेक विचारू लागली. माझ्या कामाबद्दल तिने असे कधी विचारले नव्हते. मी तिला कधी काही सांगितले नव्हते, हे त्या वेळी माझ्या ध्यानात आले नाही. तिचे ते कुतूहल साडूंनी माझ्याकडून काढून नेले, एवढेच मला दिसले.

बुडबुडे कुठेही आले नाहीत. मग मी रबराची नळी कानाला लावून प्रत्येक सांध्यापाशी फुसफुस ऐकू येते का ते पाहिले. पट्टा घसरतो की काय म्हणून तो ताणला, प्लग साफ केले. दुसऱ्या दिवशी मी कारखान्यातून बसवनगुडीला येईपर्यंत साडूंनी सगळे जोड उकलून, नवी पॅकिंगे घालून पुन्हा आवळले होते. ब्लोअरचे तोंड बंद करून आम्ही पंपाने आत हवा भरली. हवा आतच राहिली. शिवाय अशी वाट फुटली, तर दाबलेल्या मिश्रणाबरोबर पेट्रोलही बाहेर येते. सांधा ओला होतो, वास सुटतो. सांधे कोरडे होते आणि अंगणात फक्त साबणाचा वास होता. समोर येईल तो प्रत्येक पुरावा गळती नाही असेच सांगत होता. आणि मी साडूंना सांगत होतो, की काही गळत्या इंजिन पुरते तापल्यावरच उघडतात. हे वाक्य खोटे नव्हते. कोणाला खोडता येणार नाही म्हणून मी ते निवडले होते.

संध्याकाळी अण्णांनी विचारले तेव्हा मी नेहमीच्या हळू आवाजात म्हणालो, की काम हौसेचे आहे, हुशारीचेही आहे. पण लोकांच्या लॉऱ्या यांच्या हाती देण्याइतके पक्के नाही. साडू दारातच उभे होते. त्यांनी ऐकले. वाद घातला नाही, फक्त हात पुसत आत गेले आणि आपल्या पत्नीला, माझ्या मेहुणीला, म्हणाले, की उद्या दुपारी निघू.

दुसऱ्या दिवशी सकाळी कारखान्यात मी रोजच्यासारखा वायुभारमापकापुढे उभा राहिलो. इंजिनाची चाचणी घेण्याआधी त्या दिवशीच्या हवेचा दाब वाचायचा आणि बंगळूर समुद्रापासून सुमारे तीन हजार फूट उंच असल्यामुळे इथली हवा जितकी विरळ, तितकी दुरुस्ती हिशेबात करायची, हे माझ्या नोकरीतले पहिले काम. मी पारा पाहिला, आणि साडूंचे गेज डोळ्यांपुढे आले. विमानातले गेज हवेचा दाबही धरूनच मोजते. त्यावरचे ठिपके समुद्रकाठी दिलेले होते. इथली हवाच विरळ. ब्लोअर तीच उचलून दाबणार. काटा वरच्या ठिपक्यापर्यंत पोहोचणार कसा? इंजिनाची ताकद खरोखरच कमी झाली होती, पण गळती मुळात नव्हतीच. मला त्याहून जड गेले ते पुढचे. रविवारी गाडीत बसलो तेव्हा, इंजिन सुरू होण्याआधी, काटा खालच्या ठिपक्याच्याही खाली उभा असलेला मी पाहिला होता. बंद इंजिनात गळती कसली? तरी मी मनाशी म्हणालो होतो, भंगारातले गेज, दुसरे काय होणार. रोज सकाळी जी दुरुस्ती मी डोळे मिटून करू शकत असे, ती नेमकी तिथे मला सुचली नाही. मला ती सुचायलाच नको होती.

उलगडा झाल्यावर आधी लाज वाटली, असे मला लिहिता आले असते. आधी वाटली ती चीड, की हे आत्ताच का कळावे. दुपारपर्यंत ते निघून जाणार होते. मी गप्प बसलो असतो, तर कोणालाही कधी काही कळले नसते. बराच वेळ मी तसाच उभा होतो. शेवटी वरिष्ठांकडे अर्ध्या दिवसाची रजा मागितली आणि सायकलने बसवनगुडी गाठली.

साडू डिकीत सामान ठेवत होते. मी सारे समजावून सांगितले. त्यांनी कपाळावर हात मारला आणि मनापासून हसले. "म्हणजे दादा, दोष तुमच्या गावाचा. माझ्या गाडीचा नाही."

अण्णा ओसरीवर आले होते. ते माझ्या पत्नीला म्हणाले, "बघ, शेवटी थोरल्यांनीच शोधलं. शिकलेला माणूस तो."

त्या क्षणी मी सांगायला हवे होते, की चूक माझी होती, आणि ती अज्ञानाची नव्हती. मी तसे बोललो नाही. ते कौतुक मी स्वीकारले, आणि ते घेत असतानाच माझे लक्ष साडूंच्या हसण्याकडे होते. दोन दिवस विनाकारण राबल्याचा राग त्या हसण्यात शोधूनही सापडेना. त्याचाही मला हेवा वाटला.

ते राहिले. ब्लोअर अधिक वेगाने फिरावा म्हणून त्यांनी त्याची कप्पी लहान करून घेतली आणि गाडी पुन्हा मद्रासेतल्यासारखी धावू लागली. अण्णांनी किल्ली दिली. ती हातात घेऊन साडू सरळ माझ्याकडे आले.

"दादा, हात माझे, मोजमाप तुमचं," ते म्हणाले. "दिवसा कारखाना, संध्याकाळी वखार. पाटीवर दोघांची नावं."

सरकारी नोकरीत परवानगीशिवाय असे चालत नाही, असे मी म्हणालो. नियम खरा होता. साडूंनी मान हलवली आणि पुन्हा विचारले नाही.

घरी परतताना पत्नी म्हणाली, "अहो, परवानगी मागून तर बघा."

"देणार नाहीत."

"दिली तर काय करायचं, याची काळजी वाटते का तुम्हाला?"

अर्ज मी पुढेही कधी केला नाही. दर रविवारी आम्ही बसवनगुडीला जात राहिलो. पत्नी आल्या आल्या मागे वखारीत जाई. मी अण्णांजवळ पुढच्या खोलीत बसे. आत जाऊन बघत नाही का, असे ते विचारत. त्यांच्या कामात व्यत्यय नको, असे मी सांगे. मागून लेथचा आवाज येत राही, आणि काम किती नीट चालले आहे, ते मला बसल्या जागी कळत असे.