गॅस्केट बदललं त्या दिवशी

मी लग्न होऊन मांजरा नदीकाठच्या त्या गावी गेले, तेव्हा घरात एक मोटरची नाव होती. सासरे एका जागीरदाराच्या शेताची देखरेख करायचे. त्या जागीरदाराने बदकांच्या शिकारीसाठी ती नाव हैदराबादहून आणवली होती. हौस फिटल्यावर ती त्याने सासऱ्यांना देऊन टाकली. नावेच्या मागच्या फळीला विलायती मोटर अडकवलेली होती, आणि माझे यजमान पावसाळाभर तिच्यातून गूळ आणि माणसं पैलतीराला पोचवायचे.

त्या वर्षी मोटर भर नदीत बंद पडायला लागली. प्लग काढला की पाण्याने ओला. यजमानांनी सिलिंडरवरचं झाकण उघडलं, तर दोन्हींच्या मधला पातळ पत्रा, म्हणजे गॅस्केट, एका बाजूला जळून तुटला होता. तिथूनच मोटर थंड ठेवणारं नदीचं पाणी आत शिरत होतं. लढाईचे दिवस, नवं गॅस्केट मिळणं शक्यच नव्हतं. त्यांनी झाकणाला काजळी फासली, कागदावर ठसा घेतला आणि बिदरच्या तांबटाकडून तांब्याच्या पत्र्याचं कापून आणलं. चुलीत लाल करून पाण्यात बुडवलं, म्हणजे तांबं मऊ पडतं. मग समोरासमोरचे बोल्ट थोडे थोडे आवळत झाकण बसवलं.

मोटर पाण्याशिवाय चालवता येत नव्हती, म्हणून नाव काठावरच्या खुंट्याला बांधली. पडून राहिल्यामुळे तळाशी पाणी साचलं होतं. ते उपसायला सासूबाई तांब्या घेऊन आत बसल्या. यजमान कमरेएवढ्या पाण्यात उभे राहून मोटरची दोरी ओढत होते. ती लागेना म्हणून त्यांनी पेट्रोलाची कळ पुरती उघडली आणि पुन्हा ओढली.

मोटर एकदम लागली. तिला जागच्या जागी फिरण्याची सोय नव्हती. लागली की नाव निघालीच. खुंटा चिखलातून उपटून आला. यजमानांच्या हातात मोटरची सुटी दोरी राहिली आणि सासूबाई एकट्या नदीच्या मध्यावर गेल्या.

मी सासऱ्यांबरोबर काठावर उभी होते. मोटर वळवायची दांडी धरणारं कोणी नसल्यामुळे नाव गोल गोल फिरायला लागली. यजमानांनी पोहत तिचा पाठलाग केला. दुसऱ्या फेऱ्यात नाव वळली ती थेट त्यांच्यावरच. त्यांचं डोकं पाण्यावर दिसत होतं, आणि मागे पंख्याने उडवलेला पांढरा फेस. सासरे खाली बसले. त्यांनी डोळे मिटून घेतले. मला मिटता आले नाहीत, म्हणून पुढचं सगळं मी पाहिलं. सासूबाई रांगत मागे गेल्या आणि दोन्ही हातांनी त्यांनी दांडी ओढली. नाव यजमानांच्या डोक्यापासून हातभर अंतरावरून गेली. मग ती सरळ झाली, पैलतीराकडे निघाली आणि तिथल्या चिखलात घुसून बंद पडली.

यजमान पोहत आमच्याकडे परत आले आणि ओल्या कपड्यांनी तसेच बसून राहिले. मी त्यांच्याशी बोलले, ते त्यांना ऐकू गेलं नसावं. शेवटी कोळ्याच्या टोकऱ्यातून, म्हणजे चामडं मढवलेल्या गोल होडीतून, आम्ही दोघं पलीकडे गेलो.

सासूबाई बाभळीखाली बसल्या होत्या. तापलेल्या मोटरला लागून त्यांचा तळवा भाजला होता. यजमान त्यांच्यापुढे उकिडवे बसून तो पाहायला लागले.

"तुझं डोस्कं दिसलं पाण्यात," त्या म्हणाल्या. "मग मी दांडी ओढली."

यजमानांनी नाव तिथेच सोडून टोकऱ्यातून परत जाऊ म्हटलं. सासूबाईंनी विचारलं, आता पाणी शिरायलंय का आत? त्यांनी प्लग काढून पाहिला. कोरडा होता.

"मग सोडून कामून जायचं?" सासूबाई म्हणाल्या. "तू दोरी ओढ. कळ बारीक ठेव. दांडी मी धरते."

कोळ्याने नाव ढकलून दिली. मी पुढे फळीला घट्ट धरून बसले. मागे वळून पाहायचा धीर मध्यावर आल्यावर झाला. आईला साधं बाजारालासुद्धा एकटं जाऊ न देणारे यजमान तिच्या पायाशी बसले होते. मोटर एका लयीत चालली होती, आणि सासूबाई भाजलेल्या तळव्याला पदर गुंडाळून नाव हाकत होत्या.

ऐलतीराला निम्मा गाव जमला होता. सासरे गुडघाभर पाण्यात उतरले आणि त्यांनी सासूबाईंपुढे हात केला. चारचौघांत नवऱ्याने बायकोचा हात धरलेला मी तोवर कधी पाहिला नव्हता. सासूबाईही क्षणभर बघतच राहिल्या. मग चांगला हात त्यांच्या हातात देऊन त्या खाली उतरल्या.