देवीला सांगितलेला पत्ता

ते प्रकरण आठवलं की आधी डोळ्यांपुढे एक कुलूप येतं. पितळी, जुनं, नुकतंच तेल घातलेलं. जी बाई कुलपाला तेल घालून जाते ती घाईत गेलेली नसते, हे तेव्हाच माझ्या लक्षात यायला हवं होतं. पण मी नवीन होते.

मी आता पोलीस दलात नाही. उपनिरीक्षक म्हणून काही वर्षं काढली आणि स्वेच्छेने बाहेर पडले. माझ्या वयाच्या बाईने ‘निवृत्त’ म्हटलं की लोक हसतात, म्हणून मी तो शब्द वापरत नाही. रत्नागिरीतलं पोलीस ठाणं ही माझी पहिली नेमणूक. शाळा इंग्रजी माध्यमातली, त्यामुळे सुरुवातीला पंचनामा लिहितानाही हवालदारांना शब्द विचारावे लागत. ड्युटी संपली की क्वार्टरमध्ये जायचं, भात लावायचा, झोपायचं. ओळखीचं कुणी नव्हतं आणि ओळख काढायची मला सवय नव्हती.

एके सकाळी चाळिशीचा एक गृहस्थ बेपत्ता नोंद द्यायला आला. त्याची काकू, निवृत्त शिक्षिका, विधवा, मूलबाळ नाही. चिऱ्याच्या घरात एकटीच राहायची. आठवडा झाला, घराला कुलूप आणि फोन बंद.

“शेवटचं कधी भेटलात?”

“महिना झाला असेल. मी तिकडे फिरकत नाही.”

“का?”

“कामं असतात, मॅडम.”

नोंद घेतली, वर्णन आणि फोटो सगळीकडे पाठवले. ठाण्यातले एक वयस्कर हवालदार फोटो बघून म्हणाले, “या बाईंनी मला शिकवलंय. या हरवणाऱ्यातल्या नाहीत, मॅडम. हरवलेल्याला कान धरून आणणाऱ्यातल्या.”

चौकशी सुरू केली. बाईंनी पुतण्याला फोनवर सांगितलं होतं, मुंबईला मैत्रिणीकडे जाते. शेजारणीला सांगितलं होतं, चार दिवस वेळणेश्वरला. दूधवाल्याला म्हणाल्या होत्या, देवरुखला. मैत्रिणीकडे, वेळणेश्वरला, देवरुखला, कुठेच त्या पोचल्या नव्हत्या. आजारपण नाही, कुणाची धमकी नाही. शेवटचं लोकेशन मुंबईचं, तिथून पुढे फोन बंद. मुंबईत एकटी म्हातारी बाई दिसेनाशी झाली, म्हणजे आम्ही रुग्णालयं आणि बेवारस मृतदेह बघायला लागतो. तेच बघत होतो. परदेशाचा विचार ठाण्यातल्या एकाच्याही डोक्यात आला नाही. साठी उलटलेली कोकणातली बाई एकटी विमानात बसेल, हे आमच्या तपासात बसतच नव्हतं.

मग खबर आली. शेजारणीने फोन करून हळू आवाजात सांगितलं, “तो पुतण्या रोज संध्याकाळी मागच्या बेड्यातून, कुंपणाच्या त्या फाटकातून, आत शिरतो. हातात पिशवी असते. जाताना रिकामी.”

महिनाभर फिरकलो नाही म्हणणारा माणूस रोज तिथे जातो. घर आणि कलमांची बाग त्यालाच मिळणार होती. वरिष्ठ म्हणाले, चौकशीला बसवा.

दुपारी त्याला बोलावलं. मला ओरडता येत नाही. मी गप्प बसते आणि समोरच्याला ते जास्त जड जातं, एवढं मी नोकरीत शिकले होते. बराच वेळ तो टेबलाची कड नखाने खरवडत राहिला.

“पिशवीत काय असतं?” मी विचारलं.

“बांगडे.”

“कुणासाठी?”

“तिच्या मांजरासाठी.” मान खालीच. “आणि तुळशीला पाणी घालतो. बस.”

“मग खोटं का सांगितलंत?”

“फोनवर कामापुरतं सोडलं तर आमचं बोलणं नाही, मॅडम. मी म्हटलं होतं, आता एकटी राहू नको, चांगल्या वृद्धाश्रमात नाव घालू. म्हणाली, माझ्या उंबऱ्यावर परत येऊ नको. मग मी येतो हे कुणाला कसं सांगू?” मग म्हणाला, “ती सापडली तरी तिला सांगू नका हां.”

शेजारणीला बरोबर घेऊन मागचं अंगण पाहिलं. पायरीवर बांगड्याचे काटे, ओली तुळस आणि माझ्याकडे संशयाने बघणारं पिवळं मांजर. त्याचा जबाब खरा होता. म्हणजे पुन्हा हातात काहीच नाही.

परतताना जीपमध्ये तेच हवालदार म्हणाले, “मॅडम, त्यांच्या गावच्या गुरवाला विचारलंत?”

“देवळात कशाला?”

त्यांनी समजावलं. त्या बाजूची माणसं लांब जायची असली की आधी ग्रामदेवीपुढे गाऱ्हाणं घालतात. कुठे निघालो, कशासाठी, ते गुरव मोठ्याने देवीला सांगतो आणि यश मागतो. “माणसाशी खोटं बोलतील,” हवालदार म्हणाले, “तिथे नाही बोलणार.” माझं सगळ्या नातेवाइकांना विचारून झालं होतं. देवळात जाणं हा मला तपास वाटला नव्हता.

गाव संगमेश्वरच्या बाजूला होतं. गुरव सत्तरीचे, अंगणात सुपारी सोलत बसलेले. फोटो बघितला आणि बाजूला ठेवला.

“आल्या होत्या?”

“आल्या होत्या.”

“कुठे जाते म्हणाल्या?”

“बाय, ता देवीला सांगितलेला. पोलिसांना न्हाय.”

कायद्याची भाषा वापरता आली असती. मी म्हटलं, “त्या जिवंत आहेत का, एवढंच मला हवंय. आम्ही त्यांना शवागारात शोधतोय.”

त्यांचे हात थांबले. मग ते उठले, पाय धुतले, देवळाचं दार उघडलं. “मी तुमाला कायव सांगनार न्हाय. मी आईला परत गाऱ्हाना घालतो. तुमी हुबं ऱ्हावा.”

आणि आमच्याकडे पाठ करून त्यांनी देवीला खणखणीत आवाजात सांगितलं, “हे आई, तुजी लेक समुद्रापलीकडं श्रीलंकेत गेलीय, म्हातारपनाला जागा बगायला. एकटी हाय. जिथं असंल तिथं तिची राखन कर, आनि सुखरूप परत आन.”

“व्हय म्हाराजा,” माझ्या मागून हवालदारांनी गाऱ्हाण्याला साथ दिली.

विमानतळावरून खात्री झाली. दूतावासामार्फत निरोप गेला आणि दोन दिवसांनी बाईंचा ठाण्यात फोन आला. आवाज शिक्षिकेचाच.

“मी हरवले नव्हते. मी जागा बघत होते.”

“मिळाली?”

“तीन गावं पाहिली. एक बरं आहे. नारळ, लाल माती, मासळीचा बाजार, सगळं आपल्यासारखंच. फक्त इथे मला कुणी विचारत नाही, एकट्याच का राहता.” मग जरा दबून, “माझं मांजर दिसलं का हो?”

“ठीक आहे ते.”

“कोण बघतंय?”

मी विषय बदलून तब्येत विचारली. “बरी आहे,” त्या म्हणाल्या. “आणि मी कुठे आहे ते पुतण्याला सांगू नका.”

सज्ञान व्यक्ती स्वखुशीने गेली असेल आणि पत्ता देऊ नका म्हणत असेल, तर आम्ही तो देत नाही. पुतण्याला बोलावून सांगितलं, सुखरूप आहेत, ठिकाण सांगता येणार नाही. तो म्हणाला, “बरं.” दारापर्यंत गेला आणि वळला. “येणार आहे का, एवढं तरी?” तेही मला सांगता येत नव्हतं.

एकाच घरातली दोन माणसं, दोघांचं गुपित माझ्याकडे, आणि दोघांनाही ते सांगायची मला मनाई.

रविवारी साध्या कपड्यांत मी एकटीच त्या देवळात गेले. बाई परत आल्या की आधी इथेच येणार, हे आता मला कळलं होतं.

“काय घालू गाऱ्हाना?” गुरवांनी विचारलं.

“मांजर उपाशी नाही म्हणावं. संध्याकाळी मागच्या बेड्यातून एक जण येतो आणि तुळशीलाही पाणी घालतो.”

त्यांनी माझ्याकडे पाहिलं, हसले नाहीत. “हा. त्या आल्या की हाच गाऱ्हाना परत घालतो. मोठ्यान.” मग विचारलं, “आनि तुमचा सोताचा?”

“काही नाही.”

महिन्याभराने बाई जबाब द्यायला ठाण्यात आल्या. सही केली, पेनाचं टोपण नीट लावलं. मी खिडकीतून पाहिलं. फाटकाबाहेर पुतण्या स्कूटरवर बसून होता. बाई मागे बसल्या. दोघांच्या मध्ये मासळीची पिशवी होती. श्रीलंकेचं पुढे काय झालं, ते मी विचारलं नाही.

माणूस बेपत्ता झाला की आम्ही विचारतो, याचं जवळचं कोण. त्या प्रकरणानंतर मी वेगळं विचारायला लागले. याला खरं सांगता येईल अशी एखादी जागा होती का? बऱ्याच जणांना ती नसते. मला नव्हती.

नोकरी सोडली त्या आठवड्यात मी पुन्हा त्या देवळात गेले. गुरव अंगणात सुपारी सोलत होते. त्यांनी काही विचारलं नाही. उठले, पाय धुतले आणि माझ्या बोलण्याची वाट बघत उभे राहिले.