पाणवठ्यावरचे काका

माझ्या बायकोच्या काकांइतका पक्का शिकारी साऱ्या हैदराबादेत नसेल. मात्र मी त्यांना ओळखत होतो तेवढ्या काळात त्यांनी घरातला उंदीरही मारला नाही. तरुणपणी ते आदिलाबादच्या जंगलात मचाण बांधून बसत. पुढे शिकारीवर बंदी आली, बंदूक ठाण्यात जमा झाली, आणि माग काढायची विद्या तेवढी चिक्कडपल्लीच्या तीन खोल्यांत उरली. "जावईबापू, जनावराच्या मागं पळतो तो हौला, निव्वळ खुळा. त्याचा रस्ता शिकायचा. कुठं चरतं, कुठं निजतं, पाण्यावर कधी येतं," असं ते मला सांगत, आणि जंगल नसल्यामुळे ही विद्या गल्लीवर चालवत. सिलिंडरवाला त्यांना कधी चुकला नाही. कोपऱ्यावरची त्याची पानाची पिंक ओली की सुकलेली हे वाकून बघायचे आणि तो येऊन गेला की यायचाय ते सांगायचे. नळ दुरुस्त करणाऱ्याला गाठायचं असलं की त्या सकाळी साबणाशिवाय अंघोळ. "साबणाचा वास आला की जनावर बिचकतं," म्हणत. "त्याच्या आधी शेजारी बिचकतील," असं काकू आतून ऐकवायच्या. हे लिहिताना हसू यायला हवं. येतं, पण उशिरा.

हळूहळू त्यांचं जंगल बिघडत गेलं. केबल आली तशी संध्याकाळी ओट्यावर येणारी माणसं घरातच बसू लागली. त्यातच त्यांच्या एकुलत्या मुलानं बँकेतली पक्की नोकरी सोडून कॉम्प्युटरच्या कंपनीत जायचं ठरवलं. काका त्याला भर जेवणात हौला म्हणाले. तो ताटावरून उठला आणि नारायणगुड्याला खोली घेऊन राहिला. बोलणं थांबलं.

त्याच्या दारात जाणं काकांना जमणारं नव्हतं. वाटेत सहज गाठ पडली असं दिसायला हवं होतं. म्हणून त्यांनी पोटच्या पोराचा रस्ता शिकायला घेतला. कामावर जाण्याआधी तो एका इराणी हॉटेलात चहा घेतो, एवढं हाती लागल्यावर त्यांनी मला सोबतीला नेलं. आम्ही खांबाआड बसलो. मुलगा आला, दारापाशी बसला, बशीत चहा ओतून फुंकर घालू लागला. काका असे निश्चल झाले की मीच घाबरलो.

"काका, उठा ना."

"पीत असताना उठवत नाहीत," ते पुटपुटले. "आम्ही पाण्यावरच्या जनावराला कधी हात लावला नाही."

"ते हरीण नाही काका, मुलगा आहे तुमचा."

"हौ. म्हणूनच तर."

चहा संपला, मुलगा निघून गेला. दुसऱ्या दिवशीही तेच. मग मी जाणं सोडलं. काका जात राहिले. पुढे त्या कंपनीनं गावाबाहेर जागा घेतली आणि मुलाची वाट बदलली. तिकडचे नवे रस्ते काकांच्या ओळखीचे नव्हते. ते त्याच टेबलाशी बसत राहिले. "पाणी आटलं नाही ना? मग येईल," म्हणाले.

काका गेले. तेराव्यानंतर मुलानं मला विचारलं, "दाजी, बाबा माझं नाव तरी काढायचे का?"

मी त्याला त्या हॉटेलात नेलं आणि सगळं सांगितलं. त्यानं त्यांची खुर्ची विचारली, तिच्यावर जाऊन बसला आणि दाराजवळच्या आपल्या टेबलाकडे बघू लागला.

"इथून तर सगळंच दिसतं," तो म्हणाला.